नोंदणी नागपूरची, ग्राहक परदेशातला : मग कायदा कोणाचा?

भारत आणि ब्रिटन यांच्यातील व्यापार करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या, तेव्हा बातम्यांचा सगळा भर कोणत्या मालावरचे शुल्क किती उतरणार यावर होता. शुल्क उतरले की माल त्या बाजारात स्वस्त पडतो, हे खरेच आहे. परंतु शुल्क भरून माल बंदराबाहेर पडला की त्या देशाच्या कायद्याशी आपला संबंध संपला, असा जो समज त्या चर्चेतून पसरला, तो महागात पडू शकतो. नागपूरजवळच्या बुटीबोरीत सुटे भाग बनवणारा कारखानदार असो, मिहान औद्योगिक क्षेत्रातून युरोपच्या ग्राहकांसाठी काम करणारी सॉफ्टवेअर कंपनी असो किंवा चिवडा आणि संत्रा बर्फी अमेरिकेला पाठवू पाहणारा इतवारीतला व्यापारी असो, त्यांच्याकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘आमचे तिथे ऑफिसच नाही, मग तिथला कायदा आम्हाला कसा लागेल?’

प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ‘तिथला कायदा’ नावाची एकसंध वस्तू नसते. कर, अन्नसुरक्षा, खासगी माहिती, लाचलुचपत, स्पर्धा, पर्यावरण या प्रत्येक विषयाचा कायदा आपली हद्द स्वतंत्रपणे आखतो.

नोंदणीचे गाव आणि व्यवहाराचे गाव

एखाद्या न्यायालयाचा, सरकारचा किंवा नियामक संस्थेचा अधिकार जिथपर्यंत चालतो, त्याला कायद्याच्या भाषेत अधिकारक्षेत्र म्हणतात. उमरेडचा कापडविक्रेता भिवापूरच्या आठवडी बाजारात पाल टाकतो, तेव्हा त्याचा घरकर उमरेडलाच राहतो. पण बाजार फीची पावती त्याला भिवापूरची फाडावी लागते आणि बसण्याची जागा, वेळ व स्वच्छता यांबाबत तिथले नियम पाळावे लागतात. ‘मी इथला रहिवासी नाही’ हे उत्तर तिथे कोणी ऐकून घेत नाही, आणि भिवापूरची पावती दाखवून उमरेडचा घरकरही माफ होत नाही. परदेशी व्यवसायाचे मूळ तत्त्व एवढेच आहे: व्यवहाराच्या जागेचा कायदा नव्याने लागू होतो आणि घरचा कायदा सुटत नाही.

अडचण पुढे येते, कारण व्यवहाराची जागा नेमकी कोणती हे ठरवण्याचा प्रत्येक कायद्याचा निकष वेगळा असतो. अन्नाचा कायदा विचारतो की पदार्थ कोण खाणार आहे. कराचा कायदा उत्पन्न कुठे निर्माण झाले ते पाहतो. खासगी माहितीचा कायदा ती माहिती कोणत्या देशातल्या माणसाची आहे ते तपासतो. स्पर्धा कायद्याला कट कुठे शिजला यापेक्षा त्याचा परिणाम कोणत्या बाजारावर झाला याच्याशी कर्तव्य असते. त्यामुळे एकच कंपनी, एकच करार आणि एकच खेप असूनही चार कायदे चार वेगवेगळ्या कारणांनी लागू होऊ शकतात.

यासाठी देशाची सीमा ओलांडावीच लागते असेही नाही. अमेरिकेत डेलावेअर राज्यात नोंदलेली कंपनी टेक्सासच्या दृष्टीने बाहेरचीच असते आणि तिथे व्यवसाय थाटण्यापूर्वी तिला त्या राज्यात वेगळी नोंदणी करावी लागते. विक्रीकर वसूल करण्यासाठी कंपनीचे दुकान किंवा गोदाम त्या राज्यात असायलाच हवे, हा तिथला जुना नियम अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०१८ मध्ये साउथ डकोटा विरुद्ध वेफेअर या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी मोडीत काढला. तेव्हापासून केवळ ऑनलाइन विक्री ठराविक मर्यादेपलीकडे गेली तरी करनोंदणी लागते. आपल्याकडे नागपूरच्या व्यापाऱ्याने रायपूरला गोदाम घेऊन तिथून माल विकायला सुरुवात केली की छत्तीसगडची वेगळी जीएसटी नोंदणी लागते. मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हाकेच्या अंतरावर असल्यामुळे विदर्भातल्या व्यापाऱ्यांना हे अंगवळणी पडलेले आहे. विलायतेतही तर्क तोच चालतो, हे मात्र चटकन लक्षात येत नाही.

चिवड्याच्या एका पाकिटावर किती कायदे असतात

समजा, नागपुरातल्या एका कारखान्याने पातळ पोह्यांचा चिवडा अमेरिकेला पाठवायचे ठरवले. त्यात शेंगदाणे आहेत, काजू आहेत आणि वरून थोडे तीळ आहेत. कारखान्याकडे अन्नसुरक्षेचा भारतीय परवाना आहे आणि पाकिटावर शाकाहाराचे हिरवे चिन्ह आहे. हा परवाना भारतात बंधनकारक असला तरी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या दृष्टीने तो पुरेसा नाही, आणि हिरवे चिन्ह तिथला कायदा मागतही नाही.

तो मागतो ते वेगळेच. अमेरिकेत खपणारे अन्न जिथे तयार होते, साठवले जाते किंवा भरले जाते, तो परदेशी कारखाना त्या प्रशासनाकडे नोंदवावा लागतो आणि ही नोंदणी दर सम वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात नव्याने करावी लागते. कारखाना परदेशी असल्यामुळे अमेरिकेत राहणारा किंवा तिथे व्यवसायाची जागा असलेला एक प्रतिनिधी नेमावा लागतो, म्हणजे प्रशासनाला काही विचारायचे झाले तर तिथल्या तिथे कोणीतरी सापडते. प्रत्येक खेपेची सूचना माल पोहोचण्याआधी द्यावी लागते: समुद्रमार्गे किमान आठ तास, विमानाने किमान चार तास आधी.

हे सगळे केले तरी पाकीट अडकू शकते, आणि अनेकदा ते तिळासारख्या क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवरून अडकते. अनेक माणसांना काही पदार्थांची तीव्र ॲलर्जी असते, म्हणून ठराविक पदार्थ अन्नात असतील तर त्यांची नावे पाकिटावर ठळकपणे सांगणे अमेरिकेत बंधनकारक आहे. दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी जलचर, काजू-बदामासारखी कवचफळे, शेंगदाणे, गहू आणि सोयाबीन असे आठ पदार्थ या यादीत पूर्वीपासून होते; १ जानेवारी २०२३ पासून तीळ नववा झाला. त्याआधी छापून ठेवलेली पाकिटे कोणी आज वापरली आणि त्यांत तिळाचा उल्लेख नुसता ‘मसाले’ या शब्दाखाली दडलेला असला, तर चिवडा कितीही चांगला असो, कायद्याने ते चुकीच्या लेबलाचे अन्न ठरते. असा माल नाकारला गेला की साधारणपणे ९० दिवसांत तो परत न्यावा लागतो किंवा नष्ट करावा लागतो. त्याहून वाईट म्हणजे कारखान्याचे नाव सावधगिरीच्या यादीत गेले, तर पुढच्या खेपा न तपासताच अडवून ठेवता येतात आणि आपला माल निर्दोष आहे हे सिद्ध करण्याचा भार कारखान्यावर येतो.

या संपूर्ण प्रकरणात कारखान्याचा एकही माणूस अमेरिकेत पाऊल टाकत नाही. कोणी नागपूरला येऊन त्याच्यावर खटलाही भरत नाही. तिथल्या सरकारच्या हाती बंदराचे दार असते आणि तेवढे त्याला पुरते. परदेशी कायदा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर कोर्ट, समन्स आणि वकिलांची फी उभी राहते. प्रत्यक्षात लहान निर्यातदाराचे नुकसान बहुतेक वेळा बंदरावरच होऊन जाते, असे माझे मत आहे.

संत्र्याचेही तसेच. ज्या कीटकनाशकासाठी युरोपियन संघाने स्वतंत्र मर्यादा ठरवलेली नाही, त्याचा अंश फळात किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा अधिक चालत नाही. काटोल किंवा नरखेडच्या बागायतदाराला युरोपचा कायदा थेट लागू होत नाही. पण भारतात रीतसर परवानगी असलेले औषध त्याने फवारले, तरी त्याचे फळ त्या बाजारासाठी बाद होऊ शकते. म्हणून निर्यातदार बागेत फवारणीची नोंदवही मागतो, आणि तिथला कायदा असा वळसा घालून बागेपर्यंत येतो.

‘आयातदार तिथला आहे, जबाबदारी त्याची’

हा आक्षेप अर्धा खरा आहे. अनेक कायदे जबाबदारी आयातदारावरच टाकतात, कारण तो त्या देशाच्या हाताशी असतो. परंतु आयातदार ती जबाबदारी स्वतःकडे ठेवत नाही. खरेदीच्या करारातून आणि कागदपत्रांच्या मागणीतून ती विक्रेत्याकडे सरकवतो.

युरोपियन संघाची कार्बन सीमा-समायोजन यंत्रणा हे याचे सध्याचे ठळक उदाहरण आहे. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते, हायड्रोजन आणि वीज यांच्या आयातीवर, त्या वस्तू बनवताना किती कार्बन उत्सर्जन झाले त्यानुसार पैसे आकारण्याची ही पद्धत आहे. ऑक्टोबर २०२३ पासून फक्त माहिती द्यावी लागत होती. १ जानेवारी २०२६ पासून प्रत्यक्ष आर्थिक भार सुरू झाला. पैसे भरायचे ते युरोपातल्या आयातदाराने. पण उत्सर्जनाचा आकडा त्याच्याकडे कुठून येणार? तो हिंगण्यातल्या बोल्ट बनवणाऱ्या कारखान्याकडूनच यावा लागतो, कारण पोलादाचे स्क्रू आणि बोल्टही या यादीत आहेत. कारखान्याने विश्वासार्ह आकडा दिला नाही, तर ठोकळ आकडा गृहीत धरला जातो आणि तो सहसा विक्रेत्याच्या सोयीचा नसतो. वर्षाला ५० टनांपेक्षा कमी माल आणणाऱ्या आयातदाराला यातून सूट दिली आहे, पण ती मर्यादा आयातदाराच्या एकूण आयातीवर मोजली जाते. ‘आम्ही तर फक्त दहा टन पाठवतो’ असे म्हणून नागपूरच्या कारखान्याला निश्चिंत राहता येत नाही; त्याच आयातदाराने पुणे, लुधियाना आणि चीनमधून किती घेतले, ते महत्त्वाचे ठरते.

संगणक नागपुरात, माहिती युरोपातली

माल पाठवणाऱ्याला निदान बंदर दिसते. सेवा पुरवणाऱ्याला तेही दिसत नाही.

युरोपियन संघाचा सामान्य माहिती-संरक्षण नियम २५ मे २०१८ पासून लागू आहे. संघाबाहेरची कंपनी संघातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करत असेल, किंवा त्यांच्या तिथल्या वागणुकीवर नजर ठेवत असेल, तर तिलाही तो लागू होतो, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. उल्लंघनासाठी कमाल दंड दोन कोटी युरो किंवा जगभरातील वार्षिक उलाढालीच्या चार टक्के, यांपैकी जो अधिक असेल तो. अशा कंपनीने, काही अपवाद वगळता, संघात आपला प्रतिनिधी लेखी स्वरूपात नेमायचा असतो.

यावर लगेच शंका येते की वेबसाइट तर जगात कुठूनही उघडते, मग सगळ्यांनाच सगळे कायदे लागू का? तसे नाही. वेबसाइट तिथे उघडते एवढे पुरेसे नाही, हे युरोपच्या नियमाच्या प्रस्तावनेतच सांगितले आहे. तिथली भाषा, तिथले चलन, तिथल्या ग्राहकांचा उल्लेख अशा गोष्टींवरून कंपनी त्या बाजाराकडे मुद्दाम वळली आहे का, हे पाहिले जाते. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये बनियन ट्री प्रकरणात जवळपास हाच निकष स्वीकारला: वेबसाइट दिसते म्हणून तिथल्या न्यायालयाला अधिकार मिळत नाही, त्या भागातल्या ग्राहकांना हेतुपुरस्सर लक्ष्य केलेले असावे लागते. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही भारतातल्या लोकांना वस्तू किंवा सेवा देऊ करणाऱ्या परदेशी कंपन्यांपर्यंत पोहोचतो.

नागपुरातल्या बहुसंख्य आयटी कंपन्यांची स्थिती मात्र थोडी निराळी असते. त्या युरोपच्या नागरिकांना थेट काही विकत नाहीत. एखाद्या जर्मन विमा कंपनीसाठी तिच्या ग्राहकांची माहिती हाताळतात. इथे कायदा करारातून येतो. जर्मन कंपनीवर बंधन आहे की तिने माहिती हाताळायला दिलेल्या कंपनीशी ठराविक अटींचा लेखी करार केलाच पाहिजे. आणि भारताला ‘पुरेसे संरक्षण देणारा देश’ अशी मान्यता युरोपने दिलेली नसल्यामुळे, माहिती संघाबाहेर पाठवण्यासाठी युरोपियन आयोगाने जून २०२१ मध्ये मंजूर केलेली प्रमाण कलमे बहुधा त्या कराराला जोडलेली असतात. ही जोडपत्रे मुख्य कराराच्या शेवटी असतात आणि दर, मुदत, देयकाच्या तारखा यांवर घासाघीस करून दमलेले लोक ती न वाचताच सही करतात. त्यांत लिहिलेले असते की काम दुसऱ्या उपकंत्राटदाराला देण्याआधी जर्मन कंपनीची परवानगी हवी, माहिती फुटल्यास विनाविलंब कळवले पाहिजे, आणि मागतील तेव्हा तपासणीला दारे उघडी ठेवली पाहिजेत.

‘विनाविलंब’ म्हणजे किती? जर्मन कंपनीला आपल्या नियामकाला ७२ तासांत कळवायचे असते, म्हणून ती नागपूरच्या कंपनीला त्याहून कमी वेळ देते. त्याच वेळी घरचे घड्याळही सुरू झालेले असते: सर्ट-इन या भारताच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार ठराविक प्रकारच्या सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवाव्या लागतात. शनिवारी रात्री सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचे कळले, तर सोमवारी वरिष्ठ आल्यावर बघू, ही सोय दोन्हीकडे नाही.

माणूस पाठवला की कराचे गणित बदलते

कराच्या कायद्यात ‘कायमस्वरूपी आस्थापना’ अशी एक संकल्पना आहे. परदेशी कंपनीचे त्या देशात व्यवसायाचे एखादे स्थिर ठिकाण असेल, तर त्या ठिकाणाशी निगडित नफ्यावर तो देश कर लावू शकतो. यातल्या ‘कायमस्वरूपी’ या शब्दाने अनेकांची फसगत होते, कारण न्यायालये तो घरभाड्याच्या अर्थाने घेत नाहीत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर तीन दिवसांची फॉर्म्युला वन शर्यत भरवणाऱ्या ब्रिटिश कंपनीची भारतात कायमस्वरूपी आस्थापना होती, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१७ मध्ये ठरवले. सर्किटचा ताबा आणि नियंत्रण त्या काळात कोणाकडे होते, ते निर्णायक मानले गेले. जुलै २०२५ मध्ये हयात या हॉटेलसमूहाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले की दुबईच्या कंपनीची दिल्लीतल्या हॉटेलात स्वतःची वेगळी खोली नसली, तरी हॉटेलच्या कारभारावर तिचे सततचे नियंत्रण होते आणि तेवढ्यावर आस्थापना सिद्ध होते.

हाच तर्क आपल्या कंपन्यांवर उलटतो. भारत-अमेरिका करविषयक करारात, कोणत्याही बारा महिन्यांत ९० दिवसांपेक्षा जास्त काळ कर्मचाऱ्यांमार्फत सेवा दिली तर आस्थापना निर्माण होते, अशी तरतूद आहे. मिहानच्या कंपनीने एक अभियंता दोन महिन्यांसाठी पाठवला, तो परतल्यावर दुसरा दोन महिन्यांसाठी पाठवला, आणि प्रत्येकाचे दिवस ९० च्या आत आहेत म्हणून सगळे निर्धास्त राहिले, तर हिशेब चुकू शकतो, कारण दिवस सगळ्यांचे मिळून मोजले जातात. तिथे भरलेल्या कराची वजावट इथे मिळवून देण्यासाठी दुहेरी करआकारणी टाळण्याचे करार आहेत, परंतु त्यासाठी तिथे कर रीतसर भरल्याचा कागद हाती असावा लागतो. सामाजिक सुरक्षेचेही असेच आहे: जर्मनीशी भारताचा करार असल्यामुळे भविष्यनिर्वाह निधी संघटनेचे प्रमाणपत्र नेले की ठराविक काळ तिथले हप्ते टळतात, अमेरिकेशी तसा करार नाही.

लाच एका देशात, दंड दुसऱ्याच देशात

अमेरिकेचा विदेशी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९७७ चा आहे. म्युनिकच्या सीमेन्स कंपनीने अर्जेंटिना, व्हेनेझुएला, बांगलादेश अशा देशांत कंत्राटांसाठी लाच दिल्याचे प्रकरण बाहेर आले, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकी यंत्रणांनी तिच्याकडून सुमारे ८० कोटी डॉलर वसूल केले. कंपनी जर्मन, लाच घेणारे तिसऱ्याच देशांतले. अमेरिकेचा संबंध मुख्यतः एवढाच की सीमेन्सचे शेअर न्यूयॉर्कच्या बाजारात नोंदलेले होते. २०१४ मध्ये फ्रान्सच्या बीएनपी पारिबा बँकेने अमेरिकी निर्बंध मोडल्याबद्दल सुमारे ८९० कोटी डॉलर भरले, आणि तिथे दुवा होता तो सुदान, इराण, क्यूबा यांच्यासाठी न्यूयॉर्कमार्गे फिरवलेल्या डॉलरचा. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने १९७७ च्या कायद्याची अंमलबजावणी काही काळ थांबवली आणि जूनमध्ये नव्या सूचनांसह पुन्हा सुरू केली, त्यामुळे धोरणात चढउतार होतात हे खरे. कायदा मात्र पुस्तकात तसाच आहे. ब्रिटनचा २०१० चा लाच प्रतिबंधक कायदा आणखी एक पाऊल पुढे जातो: ब्रिटनमध्ये व्यवसायाचा काही भाग चालवणाऱ्या कोणत्याही कंपनीसाठी तिच्याशी संबंधित व्यक्तीने जगात कुठेही लाच दिली, तर ती रोखली नाही म्हणून कंपनी दोषी ठरू शकते, आणि लाच रोखण्याची पुरेशी व्यवस्था होती हे दाखवणे हाच तिचा बचाव असतो.

‘उपकंपनी काढली की आपण मोकळे’

परदेशात स्वतःच्या नावाने काम न करता तिथे वेगळी कंपनी स्थापन करणे, हा सर्वत्र वापरला जाणारा आणि कायदेशीर मार्ग आहे. अशा कंपनीला उपकंपनी आणि तिची मालकी असणाऱ्या कंपनीला मूळ कंपनी म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने दोघी स्वतंत्र व्यक्ती असतात; एकीचे कर्ज दुसरीचे होत नाही. ही भिंत किती जाड आहे, यावर जगातली सर्वांत कटू चर्चा आपल्या शेजारच्या भोपाळमुळे झाली. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ज्या कारखान्यातून वायू सुटला, तो युनियन कार्बाइड इंडिया या भारतीय कंपनीचा होता आणि तिचे निम्म्याहून थोडे अधिक शेअर अमेरिकी मूळ कंपनीकडे होते. पीडितांच्या वतीने भारत सरकार न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेले. मे १९८६ मध्ये त्या न्यायालयाने, मूळ कंपनीने भारतीय न्यायालयांचे अधिकारक्षेत्र मान्य करावे या अटीवर, खटला भारतात पाठवला. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली आणि भरपाई वाढवून मिळावी ही सरकारची अखेरची याचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली. मूळ कंपनीची जबाबदारी किती, या प्रश्नावर पुराव्यानिशी अंतिम निर्णय त्या तडजोडीमुळे कधी झालाच नाही, आणि हे मला त्या प्रकरणाचे मोठे अपयश वाटते.

पुढे तो प्रश्न दुसरीकडे उभा राहिला, आणि या वेळी मूळ कंपनी भारतीय वंशाच्या उद्योगसमूहाची होती. झांबियातल्या तांब्याच्या खाणीमुळे पाणी दूषित झाल्याची तक्रार करणाऱ्या १,८०० हून अधिक गावकऱ्यांचा दावा लंडनमध्ये नोंदलेल्या वेदांता कंपनीविरुद्ध इंग्लंडच्या न्यायालयात चालू शकतो, असे ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१९ मध्ये ठरवले. उपकंपनीच्या कारभारात मूळ कंपनी किती हात घालते, सुरक्षेची धोरणे आखून ती राबवण्याची जबाबदारी आपण घेतो असे ती जाहीरपणे म्हणते का, यावर तिचे कर्तव्य अवलंबून राहते.

नागपूरच्या मध्यम उद्योजकाचा विषय याहून साधा, पण रोजचा आहे: दुबईत कंपनी काढणे. तिथे जून २०२३ पासून नऊ टक्के कंपनीकर सुरू झाला आहे, त्यामुळे ‘दुबई म्हणजे करमुक्त’ हे आता सरसकट खरे नाही. शिवाय कंपनी दुबईची असली, तरी तिचे सगळे महत्त्वाचे निर्णय धरमपेठेतल्या कार्यालयात बसून होत असतील, तर प्रत्यक्ष व्यवस्थापनाचे ठिकाण भारत मानून तिला भारतीय रहिवासी ठरवता येते आणि तिच्या जगभरच्या उत्पन्नावर इथे कर लागू शकतो. वर्षाला ५० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या कंपन्यांना या नियमातून वगळले आहे, एवढा दिलासा. परकीय चलनाचा कायदा मात्र लहान-मोठा असा भेद करत नाही: २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार रीतसर मार्गाने पैसे पाठवायचे, आणि दरवर्षी ३१ डिसेंबरपर्यंत त्या कंपनीच्या कामगिरीचा अहवाल बँकेमार्फत रिझर्व्ह बँकेला द्यायचा. तो राहून गेला, तर आधीची चूक निस्तरेपर्यंत नवे पैसे पाठवता येत नाहीत.

परदेशी कंपन्या आपल्याकडे येतात तेव्हा

हे सगळे एकतर्फी आहे, बलाढ्य देश आपल्यावर लादतात, असाही सूर ऐकू येतो. त्यात तथ्य नाही असे नाही, पण भारताचे कायदेही तसेच हात लांब करतात. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार, भारतात व्यवसायाचे ठिकाण असलेली परदेशी कंपनी, मग ते ठिकाण एजंटमार्फत असो किंवा केवळ इलेक्ट्रॉनिक पद्धतीने, ३० दिवसांत कागदपत्रे दाखल करण्यास बांधील आहे. तिने ती दाखल केली नाहीत तरी तिचे करार रद्द होत नाहीत. पण त्रुटी दूर करेपर्यंत तिला त्या करारांवरून इथे दावा लावता येत नाही, आणि तिच्यावर दावा मात्र लावता येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइड प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि मार्च २०२३ मध्ये अपिलातही तो कायम राहिला. सामान्य ग्राहकासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेली सोय अधिक उपयोगी आहे: विक्रेता कुठलाही असो, नागपुरात राहणारा ग्राहक नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करू शकतो.

बिलावरची ती ओळ

नागपुरातल्या कोणत्याही घाऊक व्यापाऱ्याचे बिल उलटून पाहिले, तर खाली बारीक अक्षरांत ‘सब्जेक्ट टू नागपूर ज्युरिस्डिक्शन’ असे छापलेले असते. ही ओळ निरर्थक नाही. ज्यांना मुळात अधिकार आहे अशा दोन-तीन न्यायालयांपैकी एक निवडण्याची मुभा पक्षकारांना असते. पण ती दोन पक्षकारांपुरतीच असते. अमेरिकेचे अन्न प्रशासन, जर्मनीचा माहिती नियामक किंवा ॲलर्जीने आजारी पडलेला ग्राहक त्या बिलावर सही करत नाही.

उरतो शेवटचा, आणि खासगीत सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न: तिथल्या कोर्टाने आपल्याविरुद्ध निकाल दिला, तर नागपुरात तो कोण अमलात आणणार? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४अ नुसार, भारत सरकारने परस्पर मान्यता दिलेल्या देशांतल्या वरिष्ठ न्यायालयांचे पैशांचे हुकूमनामे इथल्या जिल्हा न्यायालयात थेट अमलात आणता येतात. ब्रिटन आणि सिंगापूर त्या यादीत आहेत, आणि जानेवारी २०२० पासून संयुक्त अरब अमिरातीही आहे. म्हणजे दुबईच्या न्यायालयाचा हुकूमनामा घेऊन कोणी सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयात येऊ शकतो आणि नागपूरच्या मालमत्तेवर जप्ती मागू शकतो. अमेरिका यादीत नाही; तिथल्या निकालाच्या आधारे इथे नव्याने दावा लावावा लागतो आणि निकाल गुणदोषांवर दिलेला नव्हता, फसवणुकीने मिळवला किंवा नैसर्गिक न्यायाला धरून नव्हता, असे आक्षेप घेता येतात. पण म्हणून अमेरिकेचे समन्स टोपलीत टाकणे शहाणपणाचे नाही. तिथल्या आयातदाराकडे अडकलेले पैसे, तिथल्या गोदामातला माल आणि तिथला ट्रेडमार्क यांवर तो निकाल चालतोच.

याच कारणाने अमेरिकी खरेदीदार करारात न्यायालयाऐवजी लवादाचे, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या खासगी निवाडा करणाऱ्याचे, कलम घालतात. १९५८ च्या न्यूयॉर्क करारामुळे, आणि भारताने १९९६ च्या कायद्यात तो सामावून घेतल्यामुळे, परदेशी लवादाचा निवाडा परदेशी निकालापेक्षा इथे सुलभपणे अमलात येतो. लवादाचे ठिकाण सिंगापूर असे सुचवले जाते, ते निःपक्ष म्हणून चांगलेही आहे. पण वाद वीस लाख रुपयांच्या खेपेचा असेल, तर तीन लवादांचे मंडळ आणि प्रत्यक्ष सुनावणी यांचा खर्च मूळ रकमेलाच गिळून टाकतो. ठराविक रकमेखालच्या वादासाठी एकच लवाद आणि ऑनलाइन सुनावणी, असे दोन ओळींचे कलम सहीच्या आधी मागितले तर समोरचा बहुधा मान्य करतो, कारण त्याचाही खर्च त्यात वाचतो.